सहावी ओळ

आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरमधून रोज सकाळी सात वाजता एक मेल येतो. त्यात पाच ओळी असायला हव्यात, कारण चेंबर पाच आहेत. चेंबर एक, फळं, अधिक दोन. चेंबर तीन, कोंबडी आणि मटार, उणे बावीस. अशा. पण सप्टेंबर संपत आला की त्या मेलमध्ये एक सहावी ओळ उगवते. "६. वर: नवा बर्फ चार बोटं, सावलीत सहा. पहाटे कडक, दुपारी लापशी. वाट उघडी."

बाहेर कुवैतमध्ये तेव्हा चाळीस डिग्री असतं. मेल इंग्रजीत असतो, फक्त 'लापशी' तेवढी मराठीत. आमचे इजिप्शियन मुदीर, म्हणजे मॅनेजर, लापशी ही रेफ्रिजरेशनमधली एखादी अवस्था असावी असं दोन वर्षं समजत होते. मी कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो आणि पुण्याचा आहे, त्यामुळे मला लापशी माहीत होती, पण मी खुलासा केला नाही. माणसाने विचारल्याशिवाय सांगू नये असं माझं मत आहे.

एकदा बाहेरून तपासणीला एक गृहस्थ आले. हातात आमचेच मेल छापून आणलेले. त्यांनी पाचही चेंबर पाहिले आणि सहावा कुठे म्हणून विचारलं. कोल्ड स्टोअरचे इनचार्ज रऊफभाई मुकादम शांतपणे म्हणाले, "तो वर हाय." गृहस्थ जिना शोधायला लागले. आमच्या गोदामाला जिना नाही. शेवटी त्यांनी अहवालात लिहिलं, "चेंबर सहा तपासणीच्या वेळी उपलब्ध नव्हता."

हे रऊफभाई मूळचे दापोलीजवळच्या किनाऱ्यावरचे. वय अठ्ठावन्न, बांधा वाळक्या बोंबलाचा, कुवैतमध्ये सव्वीस वर्षं. आयुष्यात त्यांनी समुद्र आणि वाळवंट सोडून तिसरं काही पाहिलेलं नाही. डोंगरावरचा बर्फ त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. पण गढवालात, तिबेटच्या अंगाला, एका खिंडीखालच्या वाटेवर आज बर्फ किती आणि कसा आहे, हे त्या वाटेवरच्या माणसाइतकंच त्यांना ठाऊक असतं. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की ते अब्बासियातल्या आपल्या खोलीतून तिकडे फोन लावतात. एक मोटररस्ता संपतो तिथला चहावाला आणि एक खेचरवाला. दोघांचं जुळलं तरच ओळ मेलमध्ये जाते.

मी त्यांना म्हटलं, "रऊफभाई, हवामानाच्या वेबसाइट आहेत की."

"वेबसाइट आपल्या खुर्चीत बसून बोलते, वैद्य साहेब. खेचराला पाय टाकायचा असतो."

बर्फाबद्दल त्यांची काही ठाम मतं आहेत. नवा बर्फ भोळा, जुना बर्फ लबाड, हे त्यातलं पहिलं. माणसंही ते याच मापाने मोजतात. नवीन मुदीर आले तेव्हा मी विचारलं, कसे वाटतात? म्हणाले, "नवा बर्फ. पाय ठेवला की आत जातो. पण खाली दगड हाय की खड्डा, ते अजून कळलेलं नाय." पर्चेसमधल्या एका सिनियर माणसाला ते 'काच' म्हणतात. ओढ्यातल्या दगडांवर पहाटे बर्फाची पातळ साय धरते, ती दिसत नाही आणि माणूस थेट पाण्यात जातो, ती काच. माझ्याबद्दल विचारायचा मोह मला झाला नसता तर बरं झालं असतं.

"तुमी दुपारचा बर्फ, वैद्य साहेब. सकाळी कडक. जेवन झालं की लापशी."

गरमी त्यांना मान्य नाही. तिला ते 'खालचं हवामान' म्हणतात आणि त्यावर बोलत नाहीत. खोलीत ते एसी लावू देत नाहीत. दिवसभर उणे बावीस खाऊन आलेल्या माणसाला घरी आणखी थंडी कशाला, असा त्यांचा सवाल. खोलीतले बाकीचे तिघे दिवसभर उन्हात काम करतात, हा मुद्दा त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. त्या तिघांनी माझ्याकडे तक्रार आणली होती. मी कॉम्प्युटरचं बघतो, एवढंच मी त्यांना सांगू शकलो.

त्या खोलीत आधी त्यांच्याबरोबर बलवंत राहायचा. बलवंत आमचा फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, गढवाली. अबोल, लाल गालांचा, फोर्कलिफ्टही हळू आवाजात चालवायचा. दोघं एका खोलीत अकरा वर्षं राहिले. चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर बलवंत छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला. कंपनीत असं झालं की प्रत्येक खात्याला काहीतरी काम लागतं. माझ्या खात्याचं काम त्याचं दरवाजा उघडण्याचं कार्ड बंद करणं हे होतं. मी ते रविवारी सकाळी केलं. त्याच्यासाठी मी केलेलं ते तेवढंच.

त्याच्या नावावरच्या सगळ्या वस्तू परत आल्या, एक जॅकेट सोडून. कोल्ड स्टोअरमध्ये घालायचं जाड, नारिंगी जॅकेट, क्रमांक चौदा. माझी सिस्टिम दर रविवारी आठ वाजता रऊफभाईंना आपोआप आठवण करून द्यायची: जॅकेट क्रमांक १४ जमा झालेलं नाही. तीन वर्षं ती आठवण जात राहिली. रऊफभाई उत्तर द्यायचे नाहीत, आणि सिस्टिमला रागावता येत नाही, कारण तेवढं प्रोग्रामिंग मी केलेलं नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या कॉलेजच्या मित्रांनी पन्नाशी साजरी करायला गढवालात ट्रेक ठरवला. त्यांनी पाठवलेला नकाशा मी सहज रऊफभाईंना दाखवला. त्यांनी तो मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. वाट तीच होती. सहाव्या ओळीतली.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"चार दिवस आधी निघा. त्या तारखेला गाव उतरलेलं असतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. खिंडीच्या खाली एक गाव आहे. तिथली माणसं उन्हाळ्यात वर राहतात, राजमा आणि बटाटे काढतात, आणि मोठा बर्फ पडायच्या आत सगळं गाव गुरांसकट खालच्या गावी उतरतं. मागे राहिलं त्याची वाट वसंतापर्यंत बंद. तर गाव उतरायच्या आत मी तिथे पोचायचं आणि एका म्हातारीला एक पुडकं द्यायचं. "तुमच्यासाठी ती थांबेल," ते म्हणाले. "तुमी उशीर करायचा नाय."

"अहो, मग ती खाली आल्यावर देतो की. खालच्या गावात सोयीचं पडेल."

"खाली कशाला? खाली ऊन असतं. उतरताना अंगावर पायजे."

पुडक्यात काय आहे हे मी विचारलं नाही. पण विमानाचं तिकीट बदललं. बायको म्हणाली, "ट्रेक तुझा आहे की मुकादमांचा?"

त्यानंतर महिनाभर रऊफभाईंनी माझा जो छळ मांडला, तो सालमियातल्या आमच्या बिल्डिंगमधले लोक अजून आठवतात. रोज संध्याकाळी बसने ते अब्बासियाहून यायचे आणि मी पाठीवर बासमतीची पोती घेऊन नऊ मजले चढायचो. ते लिफ्टने वर जाऊन माझी वाट बघायचे. दर मजल्यावर मी काय म्हणतो हे त्यांना ऐकू येत नसे, हा त्यातला एकच फायदा. हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, मला पहिले आठ दिवस घर बदलणारा भाडेकरू समजला. नवव्या दिवशी त्याने माझ्याकडे बघणं बंद केलं.

मग बर्फाची तालीम. चेंबर तीनमध्ये, उणे बावीसला. पंख्यांवर साचलेला बर्फ खरवडून त्यांनी कोंबडीची खोकी आणि मटाराची पोती यांच्या मधल्या बोळात पसरला होता. एका टोकाला टाचेपर्यंत नवा. दुसऱ्या टोकाला पाणी मारून, गोठवून, जुना. मला बूट, काठी, सॅक सगळं लावून त्यावरून चालवलं. स्वतः हातात वही घेऊन कडेने.

"टाच आधी. नाय, टाच. नव्यात बूट मारायचा, जुन्यात बूट ठेवायचा. आता पडा."

"काय?"

"पडणार तर तुमी हायच. ते शिकून पडा. पोटावर व्हा, काठी छातीखाली, बुटांची टोकं आत. पडा."

मी पडलो. एकदा नाही, सात वेळा. सातव्या वेळी चेंबरचा दरवाजा उघडून मुदीर आत आले. कंपनीचा कॉम्प्युटरप्रमुख कोंबड्यांच्या मधोमध काठी मिठीत घेऊन पालथा, आणि स्टोअर इनचार्ज त्याच्या बुटांच्या टोकांची तपासणी करत असलेला, हे त्यांनी क्षणभर पाहिलं. आणि दरवाजा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: शीतगृहात आडवं पडण्यास मनाई आहे. ते सगळ्यांना मलाच पाठवावं लागलं.

निघायच्या दिवशी रऊफभाई विमानतळावर आले. पुडकं उशीएवढं, कागदात बांधून वर सुतळी. "भाऊ," ते म्हणाले. एरवी साहेब म्हणणारा माणूस, तेव्हा भाऊ म्हणाला. "यंदा बर्फ लवकर हाय. मी तिला थांब बोललोय. पयल्यांदाच थांब बोललोय. दरवर्षी मी उतर बोलतो."

मी म्हटलं, काळजी करू नका. काळजी नसलेली माणसं हे वाक्य फार सहज बोलतात.

मोटररस्ता जिथे संपतो तिथे चहाच्या टपरीवर मी माझं नाव सांगायच्या आत चहावाला म्हणाला, "कुवैत वाले आप हैं? सुबह से दो बार फ़ोन आ गया।" त्याने चहा दिला आणि बर्फाची हकीकत सांगितली. ती मला आधीच माहीत होती. चार बोटं, सावलीत आठ.

पण आम्ही उशीर केलाच. पहिल्या मुक्कामावर आमच्या एका मित्राचं पोट बिघडलं, आणि दुसऱ्या सकाळी ऊन इतकं छान पडलं होतं की बाकीच्यांनी एक दिवस आराम ठरवला. मीही हो म्हटलं. माझ्या टाचेला फोड आला होता. दुपारभर आम्ही गवतावर पडून कॉलेजच्या गप्पा मारल्या. खालून वर जाणारं कोणी नव्हतं. वरून मात्र माणसं उतरत होती. गाई, मेंढ्या, पाठीवर भांडी बांधलेल्या बायका, टोपलीत कोंबड्या. संध्याकाळपर्यंत सगळी उतरून गेली. मला तो देखावा फार सुंदर वाटला. मी फोटो काढले.

पुढच्या दुपारी गावात पोचलो तेव्हा तीस-पस्तीस घरांना कुलपं होती. एकाच घरातून धूर येत होता. दारात खेचरवाला बसला होता आणि त्याचा चेहरा काही बरा नव्हता. "कल आना था आपको," तो म्हणाला. त्याने आभाळाकडे बोट केलं. खिंडीच्या बाजूला आभाळ दुधाच्या पातेल्यासारखं पांढरं झालं होतं. आज संध्याकाळपासून पडणार, आणि थोडाथोडका नाही. अख्खं गाव काल गेलं. म्हातारी आणि तिच्यासाठी खेचरवाला, दोघंच मागे राहिले होते. कुवैतने थांब सांगितलं होतं म्हणून.

काल याच वेळी मी गवतावर लोळत होतो. मला इतकी लाज वाटली की सॅक उतरवायचंही सुचेना.

म्हातारी आतून आली. सत्तरीची, ठेंगणी, लाल गालांची. गाल पाहिले आणि मला कळलं. ही बलवंतची आई. कुवैतमधून दर ऑक्टोबरला बलवंत फोन करायचा, आता उतर म्हणून, कारण हिला शेवटचा राजमा काढल्याशिवाय पाय निघत नाही आणि गावात ती कोणाचं ऐकत नाही. बलवंत गेल्यावर पहिल्या ऑक्टोबरला गाव उतरलं आणि ही बसून राहिली. म्हणाली, कुवैतहून निरोप आल्याशिवाय मी उठायची नाही. मुलगा गेलाय हे तिला पक्कं माहीत होतं. तरी बसून राहिली. तेव्हा रऊफभाईंचा फोन आला. हे सगळं खेचरवाल्याने मला तिथे दारात उभ्याउभ्या सांगितलं.

तिने मला बसवलं, हातात गरम पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"रऊफ कैसा है? आज वहाँ कितना है?"

"वहाँ?"

"बाईस नीचे?" ती म्हणाली. "रोज़ बाईस नीचे। कैसे रहता है बेचारा। हमारे यहाँ तो धूप है।"

खेचरवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. रोज पहाटे रऊफभाई त्याला वरचा बर्फ विचारायचे, मग म्हातारी त्याच्याकरवी रऊफभाईंना थंडी विचारायची, आणि ते प्रामाणिकपणे चेंबर तीनचा आकडा सांगायचे. तिचा मुलगा बर्फात काम करायचा, आता त्याचा भाऊ करतो, अशी तिची समजूत होती. मी खुलासा केला नाही. पण या वेळी कारण वेगळं होतं.

मी पुडकं दिलं. तिने सुतळी तोडली नाही, गाठ सोडवून गुंडाळून ठेवली. आतून नारिंगी जॅकेट निघालं. पाठीवर आमच्या कंपनीचं नाव, अरबीत आणि इंग्रजीत. छातीवर चौदा. धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. तिने ते तोंडाशी धरलं आणि तशीच उभी राहिली. मग अंगात घातलं. ते गुडघ्यापर्यंत आलं.

"चलो," ती म्हणाली. "अब उतरते हैं।"

माझे मित्र खिंडीकडे बघून परतायचं ठरवत होतेच. मी त्यांची वाट पाहिली नाही. म्हातारी, खेचरवाला, दोन खेचरं आणि मी, असे निघालो. तासाभरात बर्फ सुरू झाला. नवा, भोळा, आवाज न करता पडणारा. पुढे ते नारिंगी जॅकेट चालत होतं, धुक्यात ते तेवढंच दिसायचं, आणि मी त्याच्या मागे पाय टाकत होतो. सावलीच्या वळणावर जुन्या बर्फावरून माझा पाय सुटला. मी पोटावर झालो, काठी छातीखाली, बुटांची टोकं आत. थांबलो. चेंबर तीनमध्ये शिकवल्याप्रमाणे अगदी. म्हातारीने वळून पाहिलं आणि चांगलं पडलास अशी मान हलवली.

अंधारायच्या आत आम्ही टपरीवर होतो. चहावाल्याने आधीच फोन लावून ठेवला होता. मी म्हटलं, "रऊफभाई, उतरलो. तीही." पलीकडून चेंबरच्या पंख्यांचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "टाच आधी टाकली ना?" आणि फोन बंद केला.

दुसऱ्या सकाळी सात वाजता मेल आला. पाच चेंबर जिथल्या तिथे होते. सहावी ओळ होती: "६. वर: कोणी नाही. आता वाट बंद झाली तरी चालेल."

परत आलो तेव्हा कुवैतमध्ये अजून छत्तीस होतं. म्हातारीने रऊफभाईंसाठी लोकरीची कानटोपी दिली होती, स्वतः विणलेली, तीन ऑक्टोबर थोडी थोडी करत. त्यांनी ती माझ्या टेबलापाशीच उभं राहून डोक्यावर चढवली, कानांवर ओढली, आणि इतर लोक बघत होते तरी काढली नाही. जॅकेटबद्दल त्यांनी एकच विचारलं.

"मोठं झालं असेल?"

"हो. गुडघ्यापर्यंत."

"मंग गुडघे झाकले," ते म्हणाले आणि स्टोअरकडे गेले. कानटोपीसकट, उन्हातून.

तो रविवार होता. आठ वाजायला थोडा अवकाश होता. मी सिस्टिम उघडली. जॅकेट क्रमांक चौदाच्या पुढे निवडायला चार पर्याय मीच कधीतरी करून ठेवले होते: जमा झालं, हरवलं, फाटलं, वापरात. मी 'वापरात' निवडलं आणि बंद केलं.